पहिल्या साठ फुटांचा हिशेब

आमच्या वाचकवर्गात गॅरेजवाले मिस्त्री, पाटेवाले, शॉकअप दुरुस्त करणारे, वेल्डर आणि टायरवाले यांची संख्या मोठी आहे. मालट्रकच्या पाट्याला कमान देणे, तुटलेला मुख्य पाटा बदलणे, घासलेले बुश काढून नवे ठोकणे, यू-बोल्ट आवळणे ही ज्यांची रोजची कामे, त्यांच्यासाठी आज आम्ही एक वेगळा विषय घेतला आहे. अमेरिकेत सरळ पट्टीवर गाड्यांच्या ज्या 'ड्रॅग' शर्यती होतात, त्यांत गाडी जागेवरून कशी सुटते, आणि ती नीट सुटावी म्हणून तिच्या पाट्यांत, स्प्रिंगांत व शॉकअपमध्ये काय फेरफार करतात, हा तो विषय. या श्रीमंती शौकाशी आपला काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध असा की, या शौकातले एक फार मोलाचे काम पाटेवाल्याच्या हातचे आहे, आणि ते काम करणाऱ्या छोट्या दुकानांतून तिकडे कारखाने उभे राहिले आहेत.

प्रथम शर्यतीची ओळख करून घेऊ. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. वळण नाही, फेरे नाहीत. अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा ४०२ मीटर. दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्यांची मोडतोड करून रस्त्यांवर असले धाडस करू लागले, तेव्हा त्यांना शिस्तीत आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था काढली. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे. १९६३ पासून निशाणवाल्या माणसाच्या जागी रंगीत दिव्यांचा खांब आला. सर्वांत वेगवान अशा दोन वर्गांचे अंतर एका प्राणघातक अपघातानंतर २००८ मध्ये १,००० फुटांवर आणले गेले. बाकीच्या बहुतेक वर्गांना पाव मैलच आहे. काही ठिकाणी त्याच्या निम्मे अंतरही धावतात.

धाव संपली की चालकाच्या हाती एक छापील चिठ्ठी येते. तीवर दिवा लागल्यापासून सुटायला किती वेळ लागला, पहिले ६० फूट किती सेकंदांत गेले, मग ३३०, ६६०, १,००० आणि १,३२० फूट, असे सगळे आकडे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत असतात. नवशिका शेवटचा आकडा पाहतो. जाणता माणूस, व्यापाऱ्याने रोजकीर्द पाहावी तसा, आधी ६० फुटांचा आकडा पाहतो.

याचे कारण साधे आहे. पहिल्या साठ फुटांत वाचलेला एक दशांश सेकंद शेवटपर्यंत टिकतो, एवढेच नव्हे तर वाढतो. कारण गाडी त्या ठिकाणी लवकर पोहोचते आणि जास्त वेग घेऊन पोहोचते. साठ फुटांवरचा एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांश होतो, असा चालकांचा ठोकताळा आहे. आता हा दशांश केवढा, ते पाहा. ताशी १०० मैल वेगाने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात सुमारे साडेचार मीटर तोडते, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतके. शर्यत हरण्या-जिंकण्याला एवढे अंतर पुष्कळ झाले. हाच दशांश इंजिनमधून काढायचा तर पिस्टन, कॅम, हेड असा मोठा खर्च येतो. पाट्यातून काढला तर पुष्कळदा पाने, जॅक आणि एक दिवसाची मेहनत पुरते.

वजन मागे जाते म्हणजे काय

जोरात सुटणाऱ्या गाडीचे नाक वर उठते आणि पुढच्या चाकांवरचे वजन मागच्या चाकांवर जाते, हे सर्वांना दिसते. किती जाते, याचा हिशेब मात्र फार थोडे लोक करतात. तो तोंडी करण्याइतका सोपा आहे. गाडीचे वजन घ्यावे, ती किती जोराने वेग घेते त्याने गुणावे, वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे त्याने गुणावे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराने भागावे. उदाहरणार्थ, गाडी १,५०० किलोची, वजनाचा मध्य ५५ सेंटिमीटर उंच, चाकांमधील अंतर २ मीटर ७० सेंटिमीटर. ही गाडी गुरुत्वाकर्षणाच्या सहादशांश जोराने सुटली तर सुमारे १८३ किलो वजन मागे जाईल. पूर्ण एक पट जोराने सुटली तर ३०५ किलो. साठ फूट दोन सेकंदांत तोडणारी गाडी सरासरी नऊदशांशाहून थोड्या अधिक जोराने सुटलेली असते, म्हणजे हे आकडे कल्पनेतले नाहीत.

या हिशेबात एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. त्यात स्प्रिंग कुठेच येत नाही. पाटा नरम असो की कडक, एकूण किती वजन मागे जाणार हे उंची, लांबी आणि जोर या तीन गोष्टी ठरवतात. गाडी मागे जेवढी जास्त बसेल तेवढी पकड जास्त, अशी समजूत आपल्याकडे आहे आणि अमेरिकेतही वर्षानुवर्षे होती. ती बरोबर नाही. मग पाटे आणि शॉकअप यांचे काम काय? ते वजन मागच्या टायरवर केव्हा आणि कोणत्या रीतीने पोहोचते, हे ठरवणे त्यांचे काम. टायरला पकड पहिल्या क्षणी हवी असते. वजन पाऊण सेकंदाने आले तर तोपर्यंत चाक जागच्या जागी फिरून रबर जाळून बसलेले असते. उलट ते एकदम धप्पकन आले तर टायरची भिंत दबून परत उसळते आणि पकड सुटते.

उंचीचा आणि चाकांच्या जागेचा हिशेब क्रायस्लर कंपनीतील काही तरुण इंजिनिअरांनी फार लवकर ओळखला. 'रामचार्जर्स' या नावाने त्यांनी नोकरीबाहेर आपला एक क्लब काढला आणि १९४९ च्या प्लिमथ गाडीवर प्रयोग केले. वजनाचा मध्य वर जावा म्हणून त्यांनी ती इतकी उंच केली की, तिचे नावच 'हाय अँड मायटी' पडले. १९५९ मध्ये डेट्रॉईटच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती उतरली, तेव्हा तिचे रूप पाहून लोक हसले असले तर नवल नाही. पण त्यामागचे गणित चोख होते. पुढे १९६५ मध्ये याच कंपनीने काही खास गाड्यांचा मागचा एक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला, हेतू हा की, गाडीचे जास्तीत जास्त वजन मुळातच मागच्या चाकांवर पडावे. संस्थेने त्यांना त्या वर्गात धावू दिले नाही. या चमत्कारिक दिसणाऱ्या गाड्यांवरूनच 'फनी कार' हा शब्द निघाला आणि पुढे त्या नावाचा स्वतंत्र वर्ग झाला. टायर सुधारले, पट्टीवर चिकट द्रव फवारू लागले, तशी गाडी उंच करण्याची गरज उरली नाही. आता उलट ती खाली ठेवावी लागते, नाहीतर पुढची चाके हवेत जातात. पुढची चाके उचलली गेली की बघे टाळ्या वाजवतात. हिशेबाने पाहिले तर त्या क्षणी सगळे वजन मागे आलेलेच असते, त्यापुढे नाक जितके वर जाईल तितका जोर फुकट.

पाट्याचे दोन अर्धे

आता आमच्या पाटेवाल्या बंधूंच्या खास विषयाकडे येऊ. मागच्या बाजूस पाटे असलेल्या गाड्या आपल्याला नव्या नाहीत. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांना मागे पाटेच होते. अमेरिकेतील १९६० च्या दशकातील मस्टँग, कॅमॅरो, डॉज, प्लिमथ याही तशाच. पाट्यावर एक्सल बसवलेला असतो आणि सेंटर बोल्टमुळे पाट्याचे दोन भाग पडतात: एक पुढच्या डोळ्यापर्यंतचा, दुसरा मागच्या शॅकलपर्यंतचा. मालट्रकच्या दृष्टीने दोन्ही भागांचे काम ओझे पेलण्याचे. शर्यतीच्या गाडीत मात्र दोघांची कामे वेगळी आहेत.

इंजिनचा जोर चाकांना पुढे फिरवतो, तेव्हा त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून एक्सलचे हाउसिंग मागच्या दिशेने फिरू पाहते आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. हाउसिंग पाट्याला आवळलेले असल्याने पाट्याचा पुढचा अर्धा वर वाकतो, मागचा खाली वाकतो, आणि पाटा इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळतो. वळता वळता टायरची पकड सुटते, पाटा एकदम सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वळतो. चाक जमिनीवर धडधड नाचू लागते. असे नाचणारे चाक केवळ वेळ खात नाही, क्रॉस, क्राउन-पिनियन आणि एक्सलचा दांडाही तोडते. १९६७ च्या पहिल्या कॅमॅरो गाडीला मागे एकच पान असलेला पाटा होता आणि तिला हा रोग जडलेला होता. १९६८ मध्ये कंपनीने जोरदार इंजिनाच्या गाड्यांना अनेक पानांचा पाटा दिला आणि शॉकअप एक एक्सलच्या पुढे, दुसरा मागे असे बसवले, त्याचे कारण हेच.

उपाय सुचतो तो पाटा कडक करण्याचा. पण सगळाच कडक केला तर गाडी लाकडी बैलगाडीसारखी होते. क्रायस्लरच्या माणसांनी यावर जी तोड काढली ती कोणत्याही पाटेवाल्याने दाद द्यावी अशी आहे. त्यांनी 'सुपर स्टॉक' नावाचे पाटे केले. त्यांत एक्सलच्या पुढचा भाग आखूड, मागचा लांब. पुढच्या आखूड भागातील पाने क्लिपांनी घट्ट आवळलेली, म्हणजे तो जवळजवळ एक अखंड दांडाच झाला. मागच्या भागाच्या क्लिपा ढिल्या, म्हणजे पाने मोकळी सरकतात आणि स्प्रिंगचे नरमपण कायम राहते. गाडी सुटताना पुढचा अर्धा वाकत नाही. तो तरफेसारखा पुढच्या डोळ्याला वर रेटतो, आणि त्याच रेट्याची प्रतिक्रिया टायरला जमिनीवर दाबते. म्हणून अशी गाडी सुटताना मागे बसत नाही. नीट पाहिले तर मागची बाजू किंचित उचललेली दिसते. नुसती क्लिपांची जागा बदलून एकाच पाट्याकडून दोन कामे करून घेणे, यापेक्षा स्वस्त सुधारणा दुसरी कोणती असेल!

हे पाटे डावा आणि उजवा असे जोडीने विकले जात आणि दोन्ही सारखे नसत. उजवा अधिक जोरदार असे. इंजिनचा जोर शाफ्टमधून एक्सलला पिळतो, तेव्हा मागचे डावे चाक खाली दाबले जाते आणि उजवे उचलले जाते. हलके झालेले उजवे चाक आधी फिरते आणि साध्या डिफरन्शियलमध्ये सगळा जोर त्याच्यातच वाया जातो. गाडी उभी असताना उजवीकडून किंचित उंच दिसली तरी चालेल. सुटताना ती सरळ उभी राहते. ज्या गाड्यांना मागे पाट्याऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, त्यांत उजव्या स्प्रिंगच्या आत रबरी हवेची पिशवी घालून तेच काम साधतात. पिशवीत हवा किती भरायची हे पट्टीवर ठरते.

पाटा बदलायचा नसेल तर इतरही उपाय आहेत. पाट्याखाली एक्सलपाशी मजबूत दांडी आवळतात. तिच्या पुढच्या टोकाला रबर असते. हाउसिंग फिरू लागले की दांडीचे टोक वर येऊन पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकते आणि पाट्याचे वळणे थांबते. दांडीच्या या धंद्यात ओहायो राज्यातील लेकवुड हे नाव गाजले. ते दुकान जो शुबेक या शर्यतीच्या चालकानेच काढले होते. क्रायस्लरच्या गाड्यांत पिनियनच्या नाकावर रबरी ठोकळा असे, तो गाडीच्या तळाला टेकून नाक वर जाऊ देत नसे. रबर आणि तळ यांत किती फट ठेवायची हे जुने मिस्त्री चाचणी घेऊन ठरवीत. पुढे कॅलिफोर्नियातील जॉन काल्व्हर्ट यांनी 'कॅलट्रॅक' नावाची दांडी काढली. एक्सल फिरताच तिच्या खालच्या बाजूची दांडी पुढे ढकलली जाते, पुढच्या डोळ्याच्या बोल्टवर बसवलेला त्रिकोणी तुकडा कलतो आणि पाट्याच्या पुढच्या अर्ध्याला वरून दाबून धरतो. काल्व्हर्ट स्वतः मस्टँग पळवतात. आपल्या मालाची परीक्षा मालकानेच घ्यावी, ही पद्धत आम्हांस आवडते.

पिनियनच्या कोनाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जोर पडला की नाक वर जाते, म्हणून गाडी उभी असताना ते मुद्दाम थोडे खाली ठेवतात. पाटेवाल्या गाडीत शाफ्टच्या रेषेशी पाच ते सात अंश आणि घट्ट दांड्यांच्या गाडीत त्याहून कमी, अशी साधारण रीत आहे. हेतू एवढाच की, भर जोरात शाफ्ट आणि पिनियन जवळजवळ एका रेषेत यावेत आणि क्रॉसवर ताण पडू नये. पाटा आणि एक्सलची बैठक यांमध्ये पाचर घालून हा कोन बदलता येतो. पाचर कशी घालायची हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पुढची बाजू

मागे एवढे केल्यावर पुढची बाजू मोकळी सोडावी लागते. पुढच्या स्प्रिंगा नरम घेतात, कारण दाबलेली नरम स्प्रिंग लांबवर पसरत जाते आणि नाकाला वर ढकलत राहते. शर्यतीपुरती पुढची अँटी-रोल दांडी सोडून ठेवण्याचीही रीत आहे. शॉकअप खास प्रकारचे असतात. त्यांना 'नव्वद-दहा' म्हणतात: दाबण्याला नव्वद भाग विरोध, पसरण्याला दहा. असा शॉकअप हातात घेऊन ओढला तर दांडा सहज बाहेर येतो, दाबला तर जड जातो. त्यामुळे नाक झटकन उठते आणि सावकाश खाली येते, तोवर गाडी पुढे निघून गेलेली असते. मागे मात्र दोन्हीकडे सारखा विरोध असलेले किंवा पेच फिरवून कमीजास्त करता येणारे शॉकअप लावतात.

नव्वद-दहाचा शॉकअप रोजच्या रस्त्यावर घातक आहे. त्याच्यावर ब्रेक मारला किंवा वळण घेतले तर गाडी चालकाच्या हातात राहत नाही. शौकीन ग्राहक 'तसाच राहू द्या' म्हणतात. चांगल्या मिस्त्रीने शर्यत झाली की तो काढून घ्यावा.

पट्टीवरचा दिवस

दुकानात जे होते ते अर्धे काम. उरलेले पट्टीवर होते, आणि तिथेच चांगला कारीगर आणि नुसता पाने फिरवणारा यांतला फरक कळतो. एका वेळी एकच बदल करायचा, हा पहिला नियम. टायरची हवा, शॉकअपचा पेच आणि पिनियनची पाचर असे तीनही एकदम बदलले आणि वेळ सुधारली, तर श्रेय कोणाचे? आणि बिघडली तर दोष कोणाला? प्रत्येक बदलानंतर दोन-तीन धावा घेऊन ६० फुटांचे आकडे वहीत उतरवतात. सोबत हवा किती भरली, ऊन किती, कोणत्या पट्टीवरून धाव झाली, हेही लिहितात. दुपारी तापलेली पट्टी आणि संध्याकाळी निवलेली पट्टी यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

शॉकअप किती पसरला ते पाहण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दांड्यावर प्लास्टिकची बारीक पट्टी घट्ट बांधतात. धाव झाली की ती कुठे सरकून थांबली ते दिसते. हल्ली मोबाइल फोनवर संथ गतीने चित्र घेता येते, तेही मोठे साधन झाले आहे. बाजूने घेतलेल्या चित्रात प्रथम मागचे टायर पाहावे. सुटण्याच्या क्षणी टायरच्या भिंतीला सुरकुत्या पडल्या आणि तशाच राहिल्या, तर वजन नीट आले. सुरकुत्या पडून लगेच सुटल्या आणि टायर पुन्हा गोल झाला, तर धक्का फार जोराचा होता. मागच्या शॉकअपचे पसरणे थोडे जड करावे, म्हणजे मागची बाजू हळू उचलेल. सुरकुती पडलीच नाही आणि चाक फिरले, तर वजन उशिरा आले. पुढचे शॉकअप अधिक मोकळे करावे किंवा मागचे पसरणे हलके करावे. एकच चाक फिरले तर उजव्या बाजूकडे पाहावे. हे निदान नाडी पाहण्यासारखे आहे. सवयीने येते, पण वही नसेल तर सवयही चुकीची लागते.

जाता जाता एक गंमत. सर्वांत वेगवान अशा 'टॉप फ्युएल' गाड्यांना मागे स्प्रिंगच नसते. एक्सल सरळ सांगाड्याला बांधलेला असतो, आणि मऊ टायर व लवणारा लांब सांगाडा हेच त्यांचे स्प्रिंग. म्हणजे पाट्यांची सगळी विद्या मधल्या वर्गांत, रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांतच उपयोगी पडते. धंद्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण गिऱ्हाईक तिथेच जास्त.

छंदाचा धंदा कसा झाला

लेकवुड आणि काल्व्हर्ट ही दोन नावे वर आलीच. गॅरेजमध्ये आपल्या गाडीसाठी केलेली वस्तू शेजाऱ्याने मागितली, मग त्याच्या मित्राने, असे करत असे कितीतरी कारखाने झाले. १९६३ मध्ये या छोट्या उत्पादकांनी आपली संघटना बांधली. 'सेमा' या नावाने ती ओळखली जाते. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बेसबॉल मैदानात तिचे पहिले प्रदर्शन भरले. १९७७ पासून ते लास व्हेगासला भरते आणि गाड्यांच्या जोडमालाचा तो फार मोठा बाजार झाला आहे. एकत्र आल्यामुळे मालाचे माप आणि दर्जा ठरला, आणि शर्यतीच्या नियामकांशी बोलायला एक तोंड मिळाले.

मोठ्या कंपन्याही शेवटी याच वाटेने आल्या. डॉज कंपनीने २०१८ सालची म्हणून 'चॅलेंजर डेमन' ही ८४० अश्वशक्तीची गाडी काढली. तीत काय केले होते? तिच्या 'हेलकॅट' या बहिणीपेक्षा पुढच्या स्प्रिंगा ३५ टक्के आणि मागच्या २८ टक्के नरम, अँटी-रोल दांड्या हलक्या, आणि बटण दाबताच सुटण्यासाठी तयार होणारे शॉकअप. पाव मैलाची ९.६५ सेकंद ही वेळ कंपनीने जाहीर केली आणि सुटताना पुढची चाके २.९२ फूट उचलल्याची नोंदही झाली. गल्लीतल्या मिस्त्रीची साठ वर्षांची विद्या कारखान्याने कॉम्प्युटरला शिकवली, एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे दहा सेकंदांच्या आतल्या गाडीला आत लोखंडी पिंजरा हवा, या नियमामुळे मूळ रूपात ती संस्थेच्या शर्यतीला चालत नव्हती!

आपल्याकडे काय जमेल

आपल्याकडेही हा शौक आला आहे. २०१० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती झाल्या, त्यांत गाड्या आणि मोटरसायकली दोन्ही धावल्या. अशा गाड्या हाताखाली आल्या तर एक गोष्ट आधी पाहावी: जोर कोणत्या चाकांना आहे? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन पुढच्या चाकांना फिरवते. तिथे वर सांगितलेले सगळे उलटे होते. १,००० किलोच्या गाडीचे ६०० किलो वजन पुढे असेल, चाकांतील अंतर २ मीटर ४५ सेंटिमीटर असेल आणि ती चारदशांश जोराने सुटली, तर ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरूनच सुमारे ९० किलो वजन निघून जाते. म्हणून अशा गाडीत मागच्या स्प्रिंगा कडक, पुढच्या शॉकअपचे पसरणे जड, आणि नाक शक्य तितके खाली ठेवावे. नव्वद-दहाचे शॉकअप पुढे लावून देणारा मिस्त्री ग्राहकाचे पैसे घेऊन त्याची गाडी मंद करून देतो.

कायद्याकडेही पाहणे भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. शर्यतीची गाडी शर्यतीच्या जागेपुरती, आणि तीही ट्रॉलीवर नेऊन, असा व्यवहार असेल तरच हात घालावा. रात्री महामार्गावर पैज लावणाऱ्या पोरांची गाडी तयार करून दिली आणि काही बरेवाईट झाले, तर त्याचे पैसे कोणत्या खात्यात मांडणार?

पाटेवाल्यांसाठी एक खास सूचना. कमान कमीजास्त करण्यासाठी पाटा गॅसवर लाल करून वाकवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. गरम केलेल्या जागी पाट्याचे पाणी उतरते आणि तो एक तर बसतो किंवा तुटतो. कमान थंड ठोकूनच बदलावी. तापवायचाच असेल तर संपूर्ण पान भट्टीत घालून, तेलात पाणी देऊन, मग पुन्हा योग्य तापमानाला उतरवून घ्यावे. पाट्यावर वेल्डिंगचा एक टाकाही नको. मालट्रकचा पाटा तुटला तर ट्रक रस्त्याच्या कडेला बसतो. ताशी शंभर मैलांवर काय होईल ते सांगायला नको.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी महागडी चार चाकांची वजनयंत्रे घेण्याची घाई करू नये. जवळच्या धर्मकाट्यावर गाडी न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचे वजन मिळते. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलोंचा फरक पडतो, पण अंदाजाला तो चालतो. चाकांमधील अंतर फीतीने मोजावे. हे आकडे आणि काट्याची पावती ग्राहकाच्या नावाच्या वहीत पहिल्या पानावर लावावी. वजन करताना चालक आसनावर बसलेला असावा आणि टाकीत शर्यतीच्या दिवशी असेल तेवढेच पेट्रोल असावे. नाहीतर पावतीवरची गाडी वेगळी आणि पट्टीवरची गाडी वेगळी, असे होते.